बार्सिलोना ते जिनोआ, स्नेहलच्या बोटीवर

६ जून, पूर्णगड
व्हिसा आला! दोघांचाही! कुरिअरवाला आला तेव्हा कोलंबी सोलत होते, तशाच हातांनी पाकीट फाडलं. हे पडवीत जाळं सांधत बसलेले. म्हटलं, "अहो, आला." मान वर न करता म्हणाले, "तू जा. लेक तुझी."
माझी! होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या घरात जन्मली, पोहायला ह्यांनीच शिकवलं. बोटीवर ऑफिसर झाली तर लगेच माझी.

८ जून
आज मीही ऐकलं नाही. होडी वर ओढून झाली, तिच्यावर नारळाचे झाप घालून झाले, आता पावसाळाभर मासेमारी बंद. घरी बसून करणार काय? "मी एकटी विमानात चढणार नाय," म्हटलं. "मग नको चढू." बोलता बोलता मंगेशभावजींचं नाव तोंडातून गेलं. जायला नको होतं. ह्यांचे धाकटे भाऊ, वादळात गेले ते मिळालेच नाहीत. स्नेहल ट्रेनिंगला निघाली तेव्हा हे दारात आडवे उभे होते. "समुद्रानं माझा भाऊ नेलान. पोरगी मी हातानं देणार नाय." ती गेली. तेव्हापासून अबोला. फोन आला की माझ्या शेजारी येऊन बसतात मात्र.
संध्याकाळी स्वतःच विचारलं, "तिकडं थंडी असते काय गो?"
येतायत!!

१३ जून, बार्सिलोना
विमानात हे खिडकीला नाक लावून. खाली पाणी दिसलं की मला कोपरानं ढोसायचे.
आणि बोट! आख्ख्या पूर्णगडची माणसं मावतील नि वर जागा उरेल. पोटाचं दार उघडून ट्रकच्या ट्रक गिळत होती. आजची रात्र तिच्यावर, उद्या संध्याकाळी इटलीत, जिनोआला.
स्ने. दारातच उभी. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टी. थर्ड मेट आहे, म्हणजे तिची पाळी असली की बोट चालली कुठं ते बघायचं काम तिचं. मला मिठी मारलीन. ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी हात उचलला, पण डोक्यावर ठेवला की नाही, मधे कोणाची तरी बॅग आली, दिसलं नाही. मग फणसपोळीची पिशवी तिच्या हातात दिली. घरापासून स्वतः सांभाळत आणलेली, मला हात लावू दिला नव्हता.

१४ जून, बोटीवर
सकाळपासून काय हेलकावे! स्पेन मागे राहिला, फ्रान्स कुठंतरी डावीकडे. आणि बोट लागली कोणाला? तांडेलाला! जन्म होडीत गेला त्या माणसाला! केबिनला खिडकी नाही, वर कसल्याशा अत्तराचा वास. हे बादली धरून. मी ठणठणीत, चहा-पाव खाऊन आले. हसू आवरेना. "हसतंस काय?" म्हणून ओरडले.
स्ने. पाळी संपवून धावत आली. लिंबू, कोरडा पाव. ह्यांनी डोळेच उघडले नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून,
"वारा कुठला?"
मला कशाला विचारतील? तिलाच विचारलं!
"उत्तरेचा, बाबा. फ्रान्सच्या जमिनीवरनं सुटतो."
"पडेल?"
"दुपारनंतर पडेल."
"कशावरनं?"
ती पलंगावर टेकली नि सांगत बसली. ढग, नकाशे, काय काय. मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले. 

त्याच दिवशी, संध्याकाळ
वारा पडला. पाणी इतकं निळं की शाई सांडल्यासारखं. हे डेकवर आले, तोंड धुऊन, केस विंचरून. जिनोआ समोर! डोंगराला चिकटलेली पिवळी-तांबडी घरं, एकावर एक.
स्ने. खाली मागच्या बाजूला, हेल्मेट घालून, दोर बांधणाऱ्या दांडग्या खलाशांत. एकाचा पाय दोराच्या वळशात. त्याला कळलंही नव्हतं. हिनं कॉलर धरून मागे ओढलान, नि लगेच दोर ताठ झाला, नाहीतर पाय गेलाच होता त्याचा.  आणि माझ्या कानाशी हे ओरडले, "शाब्बास गो बाय!"
सगळे गोरे वळून बघायला लागले. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, इंजिन केवढं घरघरत होतं. पण तिनं वर बघितलंन. नक्की बघितलंन.

१५ जून, जिनोआ
स्ने.ला सुट्टी. हट्टानं मासळीबाजारात गेले. जन्मभर म्हावरं विकलं, दुसऱ्याचा बाजार नको बघायला? माझ्या वयाची एक बाई बसलेली. मी माशाचा कल्ला उघडून बघितला, तशी ती हसली नि दुसरा, जास्त ताजा, पुढे केला. खुणांनीच घासाघीस. शेवटी माझ्या हातावर चापट मारून मूठभर बारीक मासळी वर घातलीन. अगदी आपल्यातली!
हे पुढे खेकडे बघत होते. तेवढ्यात स्ने. हळूच, "आई, मला मोठ्या मालवाहू जहाजावर बोलावलंय. वरची जागा. पण महिनोन्महिने पाणीच पाणी."
आधी आनंदच झाला, खरं सांगते. मग मंगेशभावजी आठवले.
"बाबांना?"
"उद्या सांगते. तू मधे पडू नको हां."
इतक्या वर्षांनी बोलायला लागलेत ते दोघं. आणि आता हे.

१६ जून, जिनोआ, धक्का
बाकावर बसून लिहितेय. ते दोघं पार टोकाला गेलेत. तिनं सांगितलंन वाटतं.  हे पाण्याकडे हात लांब करून काहीतरी दाखवायला लागले. ती मान हलवते, भलतीकडे दाखवते. हे पुन्हा आपलंच दाखवतात. भांडतायत? की रस्ता सांगतायत एकमेकांना?
आता ती ऐकतेय. हे बोलतायत.
ह्यांनी मला हाक मारली. नावानं! एरवी कधी मारत नाहीत. रागानं की कशानं, इतक्या लांबून कळत नाही, पण ह्यांचा हात तिच्या डोक्यावर दिसतोय. जाते.