अकरा दिवसांची काडी

प्रिय धाकटे,

पत्र पाहून दचकशील. दर रविवारी फोनवर बोलतो, मग हिला लिहायचं काय सुचलं, असं वाटेल. पण फोनवर मी मुद्द्याशी आले की भाजीच्या भावावर घसरते, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून आज जप उरकून, दार लोटून लिहायला बसलेय.

आमच्या ठमाबाईबद्दलच आहे, तुझ्या लाडक्या भाचीबद्दल. गेल्या सुट्टीत तिला महिनाभर तुझ्याकडे पाठवली आणि ती परतली तुझा जुना कॅमेरा नि ती हातभर लांब टेलिफोटो लेन्स गळ्यात अडकवून. तेव्हापासून या घरात कुठलंही वाक्य 'मावशी म्हणते' याशिवाय सुरूच होत नाही. मावशी म्हणते, सकाळी पंखांवर दव असतं तोवर चतुर किडा उडत नाही. मावशी म्हणते, भडक कपडे घालून जायचं नाही. मावशी म्हणते, श्वास सोडून झाला की मगच बटण दाबायचं. अगं, चौदा वर्षं मी म्हणतेय की केस विंचरून झोपत जा, ते कधी तिच्या कानात शिरलं नाही.

खरं सांगू? देवापुढे ही पोरगी कधी दहा मिनिटं टिकली नाही. पायाला मुंग्या येतात म्हणे! तीच तुझ्या त्या किड्यांसाठी तळ्याकाठी चिखलात तीन-तीन तास दगडासारखी बसायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी कौतुक वाटलं आणि मग पोटात दुखलं. देव बघतोय, खोटं कशाला लिहू? हातात माळ असायची आणि डोळ्यांपुढे तू.

एकदा डबा घेऊन मीही तिच्याबरोबर गेले. म्हटलं, बघू तरी एवढं काय आहे त्यात. तिने कॅमेरा माझ्या डोळ्याला लावून दिला. त्या लेन्समधून गवताची काडी खांबाएवढी दिसते! चतुर उडाला तशी मी त्याच्यामागे डावीकडे, उजवीकडे, आणि दिसलं काय, तर नुसतं हिरवं धुकं. ती हसून लोटपोट झाली. म्हणाली, "आई, त्याच्यामागे नाही धावायचं. तो फिरून त्याच काडीवर येतो. काडीवर फोकस लावून बसायचं आणि तो टेकायच्या जरा आधी टिपायचा." मी विचारलं, "हे तुला कुठे कळलं?" विचारायची काही गरज होती का? माझीच जीभ मेली वळवळते.

यंदा सुट्टी लागली तरी ती तुझ्याकडे आली नाही. शिकवणी आहे, असं मी तुला सांगितलं. शिकवणीबिकवणी काही नव्हती. इकडे तळंही आटलं होतं. मग तिने गच्चीवर जुन्या टबात पाणी भरलं, दगडांमध्ये एक वाळकी काडी खोचली आणि पाणीटाकीच्या सावलीत लेन्स रोखून बसायला लागली. रोज सकाळी, रोज दुपारी, अकरा दिवस. मला काय ठाऊक? मला दिसलं साचलेलं पाणी, म्हणजे डास. बाराव्या दिवशी ती उठायच्या आत पाणी कुंड्यांना घातलं, फुकट कशाला घालवा म्हणून, आणि ती काडी मोडून मिरचीच्या रोपाला टेकू दिला. ती वर आली आणि रिकामा टब बघत उभी राहिली. एवढंच म्हणाली, "काल त्याने दोन घिरट्या घातल्या होत्या." आणि खाली गेली. आदळआपट केली असती, मला चार शब्द ऐकवले असते, तर मीही ऐकवले असते आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. तिने कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशेजारी देवापुढे बसायला लागली. अर्धा-अर्धा तास, पापणीही हलवत नाही. जे इतकी वर्षं मागत होते ते मिळालं, म्हणून मी नवस फेडायचंही बोलून ठेवलं बघ! परवा सहज विचारलं, "एवढं काय मागतेस गं देवाकडे?" म्हणाली, "मावशीचा राग जाऊ दे म्हणून."

तू रागावलेली नाहीस. तू तर सुट्टी लागायच्या आधीच मला म्हणालीस की तिला पाठव, नवं तळं दाखवायचंय. तो निरोप मी तिला दिलाच नाही. उलट तिला सांगितलं, "मावशी म्हणते, यंदा नको." माझं हे एकच वाक्य तिने उलट न विचारता खरं मानलं. तू 'तिला फोन दे' म्हणालीस, तेव्हा कधी ती झोपलेली होती, कधी मैत्रिणीकडे गेलेली होती. सगळं खोटं.

सुट्टीचे पंधरा दिवस उरलेत. उद्या सकाळच्या गाडीने तिला पाठवतेय, आणि हे पत्र तिच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. रस्ता पाच तासांचा आहे आणि पोरगी माझी आहे, गाडी गावाबाहेर पडायच्या आत ती हे वाचेल. तिच्या तोंडावर सांगायला दोन दिवस धडपडले, जमलं नाही. तुझ्या दारात उतरेल तेव्हा तिला सगळं कळलेलं असेल. रडली तर जवळ घे. त्याचाही मला हेवा वाटेल, तो वाटू दे. पण माझ्यावर चिडली, तर माझी बाजू घेऊन तिची समजूत काढायला जाऊ नकोस. तू समजावलंस की तिला लगेच पटेल. ते भांडण तिला तसंच माझ्याकडे घेऊन येऊ दे. तेवढं तरी माझ्यासाठी राहू दे.

तुझीच,
मोठी