रुळावर राहिलेले पाय

प्रिय आदिनाथ,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. त्यावर फार जाऊ नकोस, पुढे वाच. फोनच करणार होते, पण फोनवर तू "अक्का, मीटिंगमधी हाय" म्हणतोस आणि मला अर्ध्या वाक्यात तोडतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, ते तू फाडशीलही. तोडमोडीची सवय तुला लागलीच आहे.

काल तुझा तो कार्यकर्ता बिभीषण धारूरला माझ्या दुकानात आला. मी एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते. त्यानं कॅरीबॅग मशीनवर टाकली आणि म्हणाला, "ताई, दादांनी पाठवलंय. उरलेलं सामान हाय." सामान! बॅगेत आपले आबा होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ट्रॉलीवरचे जोडीदार सिदूकाका होते, मी केलेले दोन्ही बाहुले. दोघांनाही घोट्याखाली पाय नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्या बाईला मी उद्या ये म्हणून परत पाठवलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

आबांच्या रेल्वेतल्या ट्रॉलीची ही छोटी प्रतिकृती मी कशी केली ते तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. मी शिलाई मशीनच्या चार बॉबिनांची एक एक कड कानशीनं घासली, तेव्हा तिची चार चाकं झाली. रूळ म्हणजे स्लायडिंगच्या खिडकीच्या पट्ट्या. वरची छत्री आबांच्या जुन्या छत्रीच्या कापडाची आणि लाल झेंडी माझ्याच दुकानातल्या अस्तराची. त्याआधी मी मोटर ट्रॉली केली होती, रूळ वाहायची लॉरी केली होती. ती दोन्ही आबांनी हातात घेऊन बघितली. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून ते बोटांनीच बघतात. लॉरीवर बोट फिरवून म्हणाले, "दांडा लई मोठा झालाय." मी दांडा कापला. मग म्हणाले, "आता आमची ढकलट्रॉली कर. माणसासकट कर." माणसासकट, आदिनाथ. त्यांचे शब्द आहेत.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. आणि आठवत असेल, तर लाज वाटावी म्हणून सांगते. परळी-घाटनांदूरच्या रुळांवर रेल्वेचे साहेब ट्रॉलीवर छत्रीखाली बसून लाइन तपासायचे आणि आबा नि सिदूकाका मागून ट्रॉली ढकलत पळायचे. खडीवर नाही, रुळावर. दोघं दोन रुळांवर, तेही अनवाणी, कारण चप्पल घसरते. एप्रिल-मेमध्ये घरी आले की आई परातीत पाणी घेऊन दारातच बसलेली असायची. समोरून गाडी आली की साहेब उतरून बाजूला उभे राहायचे आणि हे दोघं ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवायचे. असंच एकदा घाईनं उचलताना ती आबांच्या डाव्या पायावर पडली आणि करंगळी गेली. मी बाहुल्याच्या डाव्या पायाला चारच बोटं केली होती. तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, आणि पायाच्या तारा रुळाखालून पक्क्या आवळल्या होत्या. आबांची बोटं त्या पायावर गेली की ते स्वतःला ओळखतील, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता.

रंग ओला होता म्हणून मीच त्यांना म्हटलं, आबा, आज हात लावू नका. नेमका त्याच दिवशी तू आलास. म्हणालास, बीडला रेल्वे आली, आमच्या पुढाऱ्यांचा, विजयसिंहांचा सत्कार आहे, टेबलावर ठेवतो, एका दिवसात आणून देतो. मी नाहीच म्हणत होते. पण आबा खाटेवरून म्हणाले, "नेऊ दे गं. लोकं बघतेल." तुझ्या आवाजानंच त्यांचा चेहरा फुलला होता. तू ट्रॉली चादरीत गुंडाळलीस आणि त्यांच्या पाया पडून निघालास. त्याच पायांच्या पाया पडलास बरं का.

त्यानंतर मी पाहिला तो थेट फोटो. विजयसिंहांच्या हातात काचेच्या पेटीत आपली ट्रॉली, शेजारी तू बत्तीशी दाखवत उभा. पेटीखाली पट्टी, 'आदिनाथ मित्रमंडळाकडून सप्रेम भेट'. म्हणजे ठेवायला नेलेली वस्तू तू देऊनच टाकलीस. मी बसायची जागा मुद्दाम रिकामी सोडली होती. तिथं तू पांढऱ्या कुर्त्यातला बाहुला बसवलास आणि त्याला विजयसिंहांचा फोटो कापून चेहरा चिकटवलास. गणपतीच्या देखाव्यातही इतका ओंगळ बाहुला कोणी ठेवत नाही. आणि मागे माणसंच नाहीत. मी जाब विचारला तर तुझा निरोप आला, "साहेबाच्या मागं दोघं अनवाणी पळतेत, ते बरं दिसत न्हाई अक्का. गाडी आपोआप चालल्यावानी दिसाया पायजे." अरे, आपोआप चालली असती तर आबांना साहेबांनी कशाला ठेवलं असतं?

फोटो मी मोठा करून पाहिला. तू पक्कडीनं तोडलंस ते घोट्यापाशी. खालचे पाय निघालेच नाहीत, इतकी पक्की होती माझी तार. ते रुळावर तसेच आहेत. डावीकडच्या रुळावर चार बोटांचा पाय अगदी स्पष्ट दिसतो. तो कापताना तुझ्या लक्षात आलंच असणार. ती बोटं तू लहानपणी मोजायचास, दरवेळी पाच म्हणायचास आणि आबा दरवेळी हसायचे.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओही पाहिला. "माझे वडील ट्रॉलीवर होते." टाळ्या! आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये सगळ्या बाया असंच म्हणायच्या, आमचे हे ट्रॉलीवर हायत. आयुष्यभर ट्रॉलीवर, आणि ट्रॉलीवर कधी बसले नाहीत. तू शाळेत हेच सांगायचास आणि पोरांना वाटायचं, आदिनाथचा बाप छत्रीखाली बसतो. तेव्हा तू लहान होतास, आबांनी ते हसण्यावारी नेलं. आता तुझ्या कानशिलावरचे केस पिकलेत. आता तरी सांगायचं होतंस, की वर नाही, मागे होते. एक शब्द बदलायचा होता रे. त्यासाठी बीडात पुलावरून उडी मारायची नव्हती.

आणि एक विचारते. उद्या समोरून गाडी आली तर ती ट्रॉली उचलणार कोण? आज नाही तर उद्या तुझ्या राजकारणात तशी गाडी येणारच आहे. पांढऱ्या कुर्त्यातला माणूस पहिल्यांदा उडी मारून बाजूला उभा राहील. ज्यांनी उचलली असती ते तू कॅरीबॅगेत घालून धारूरला पाठवून दिलेस.

हे एवढं सगळं मी मनातच ठेवणार होते, खरं सांगते. बाहुले कपाटात लपवायचे आणि आबांना ट्रॉली अजून बीडलाच आहे म्हणून सांगायचं, असं ठरवलं होतं. पण घरात शिरताच बॅगेचा आवाज त्यांनी ऐकला. "आलं का माझं?" म्हणून हात पुढे केला. मला द्यावंच लागलं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं चाचपलं, खांदे चाचपले, ढकलायला पुढे केलेले हात चाचपले आणि म्हणाले, "मीच हाय." मग बोटं खाली खाली गेली आणि घोट्याशी थांबली. तार टोचली असावी. मग म्हणाले, "पाय तिकडंच ऱ्हायले व्हय?" मी हो म्हटलं. तर हसले, आदिनाथ. म्हणाले, "आसू दे. वर आदिनाथ बसला असंल ना? मंग पाय तिकडंच पायजेत. त्याला ढकलायचं कशानं? तू त्याला काय बोलू नको." आणि बाहुला छातीवर ठेवून पडून राहिले.

बोलू नको म्हणाले, म्हणून लिहितेय. ट्रॉली तुला परत मागता येणार नाही, तेवढी छाती तुझ्याकडे नाही, हे मी ओळखून आहे. पण आबांना वाटतंय, तिच्यावर त्यांचा मुलगा बसलाय. तिथं कोण बसलंय ते मला त्यांना सांगवलं नाही. तू ये. त्या पेटीतून ते पाय सोडवून घेऊन ये, त्यांच्या हातात दे, आणि वर कोण बसलंय ते त्यांना तूच सांग.

तुझीच, म्हणूनच एवढी चिडलेली,
योगिताअक्का