‘सगळे ठीक’चं बटण

१९ नोव्हेंबर २०१६, शनि. रुवी.
उजवा घोटा सुजून भोपळा. काल सूर गावाच्या वरच्या पठारावर मुरगळला. सावंतदादा, म्हणजे आमच्या इथल्या, आखातातल्या मराठी ट्रेकिंग ग्रुपचे स्वयंघोषित सेनापती, म्हणाले, "वसंता, बस इथंच. येताना उचलतो." बसलो. हे लोक वर गेले, शिरा खाल्ला आणि रिवाजाप्रमाणे दादांनी मागून आणलेल्या सॅटेलाइट डबीचं बटण दाबलं. सगळ्यांच्या घरी एकच मेसेज, ‘सगळे ठीक’. माझी बायको नीता वाचून निवांत. मी दगडावर, मोबाइलला रेंज नाही. आणि उतरले दुसऱ्याच वाटेनं! डोकी मोजली ती थेट गाडीपाशी. एका बकऱ्यावाल्या म्हाताऱ्यानं खजूर दिले, पाणी दिलं, "यल्ला", म्हणजे चल, म्हणत पिकअपमधून खाली आणलं. दादा म्हणे, "मजा आहे लेका, लिफ्ट मिळाली!" सगळे हसले. मीपण हसलो. त्याचाच जास्त संताप येतोय.

२५ नोव्हें., शुक्र.
दादांकडे मीटिंग. मागून आणलेली डबी परत गेली, आता ग्रुपची स्वतःची घ्यायची. माझ्या पायाबद्दल चकार शब्द नाही. निवड कोण करणार? "वसंता घरीच बसलाय, तोच बघेल."
बघतो ना. चांगलाच बघतो.

२८ नोव्हें.
दोन प्रकार आहेत. एकात मेसेज जातो आणि उत्तरही येतं. प्लॅन महिन्याचा, उन्हाळ्यात बंद ठेवता येतो. दुसऱ्यात मेसेज नुसता जातो. मजकूर आधीच वेबसाइटवर लिहून ठेवायचा, डोंगरात फक्त बटण दाबायचं. प्लॅन वर्षाचा. शहाणा माणूस पहिला घेईल. दादांनाही पहिलाच हवा होता. म्हटलं, "दादा, डोंगरातही वहिनींचे मेसेज यायला हवेत का तुम्हाला?" खलास. दुसरा मंजूर.
नकाशावर जागा दाखवणारं ट्रॅकिंग जादा पैशांचं. तेही मीच छाटलं. काटकसर म्हणून शाबासकी मिळाली.

४ डिसें., रवि.
डबी आली. दादांसमोर टेस्ट केली. ‘सगळे ठीक’ आला, दादा खूश, डबी घेऊन गेले. वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडेच.
संध्याकाळी मजकूर बदलला: ‘आम्ही पुढे आलो. एक माणूस मागे टाकलाय. – सावंत.’
डबीवर नुसता हिरवा दिवा लागतो, काय गेलं ते दिसत नाही. दादा शिरा चापत बसतील आणि घरोघरी फोन वाजतील. पहिला नंबर सावंतवहिनींचा टाकलाय. खाली आले की द्या म्हणावं उत्तरं!
डबीवर मदत मागायचं दुसरं बटण आहे, त्याच्या मजकुराला हात लावलेला नाही. तेवढा नीच नाही मी.
आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

८ डिसें., गुरु.
उद्या पुन्हा तेच पठार. नीता म्हणाली, "दादांनी मला बोलावलंय, तुझ्या जागी. माफी मागितल्यासारखंच आहे रे ते. जाऊ?"
माफी! बायकोला फिरवून आणलं की माफी झाली.
सांगून टाकावं असं वाटलं. ती सरळ दादांना सांगणार, म्हणजे सगळंच मुसळ केरात. म्हटलं, "जा. गुडघ्याला पट्टा बांध."
लॅपटॉप उघडला होता. मजकूर अजून बदलता आला असता. बदलला नाही.

९ डिसें., शुक्र. दुपार.
मेसेज आला. माझंच वाक्य, खाली सावंतांचं नाव. मोठ्यानं हसलो.
लगेच वहिनींचा फोन. रडवेल्या. "भाऊजी, कोण मागे राहिलंय हो?"
कबूल केलं. "वहिनी, ते मीच लिहिलंय. दादांनी नेहमीसारखं बटण दाबलं, एवढंच."
"म्हणजे सगळे ठीक आहेत ना?"
मी दगडावर होतो तेव्हाही याच माणसानं असंच ‘सगळे ठीक’चं बटण दाबलं होतं.
नीताचा गुडघा चढावर दुखतो. "बस इथंच" म्हटलं की ती बसेल. मी बसलो तशीच. तिला विचारायचं कसं? उत्तर येणारी डबी मी घेऊ दिली नाही. कुठं आहेत ते दिसलं असतं, ते मी छाटलं. मोबाइल लागत नाही, लागणारही नाही.
वहिनी फोनवरच होत्या. "भाऊजी, बोला ना."
दादांना सोडणार नाही. पण ते नंतर.
गाडीची किल्ली घेतलीय. सूरपर्यंत तरी पोचतो. ब्रेकवर पाय दाबून पाहिला, कळ मस्तकात जाते.