दोन सामन्यांची शिक्षा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
चिमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण तीस वर्षं तोंडात शिट्टी धरून बावीस जणांच्या मागे पळालास, आता गुडघ्यांनी तुलाच कार्ड दाखवलं तर तक्रार कोणाकडे करायची? शेक घे आणि उगाच जिने चढू नकोस.

फोन न करता लिहितेय, कारण घरात चार दिवस क्लबची माणसं ठाण मांडून बसली आहेत. फोन वाजला की तीन माना वळतात. शिवणाच्या खोलीत दार लोटून, मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर हललं तर समजून घे.

रविवारचा सामना तू पाहिलाच असशील. माझ्या सोन्याने पेनल्टी घालवली आणि क्लब हरला. सगळं मैदान ज्याला ‘तुफान, तुफान’ म्हणून डोक्यावर घेतं, त्याला त्याच मैदानाने दुपारभर शिव्या घातल्या. सामना संपल्यावर मी आणि सूनबाई नेहमीसारख्या खाली खेळाडूंच्या बोळात गेलो. ती त्याला एवढंच म्हणाली, की चल, घरी जाऊ, आई थकल्यात. त्याने तिला मनगटाला धरून सामानाच्या खोलीत ओढलं. मी दारातच होते. दादा, तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. त्याने तिचा हात पिरगळला आणि तिला लोखंडी कपाटावर ढकललं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आत सामानकाका टॉवेलांच्या घड्या घालत होते. खेळाडूंचे कपडे धुऊन, मोजून ठेवणारे तेच ते, सव्वीस वर्षं क्लबात आहेत. ते मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, आत स्क्रू घातलेत. ती कवळ्या बनवते हे तुला ठाऊक आहेच. एकेक दात मेणात बसवायचं काम, सगळा खेळ बोटांचा. डॉक्टर म्हणतात, बोटांत पहिल्यासारखी नजाकत येईल की नाही सांगता येत नाही. ती माहेरी गेली आहे. पोलिसांत गेलेली नाही, पण प्लास्टरमधला तिचा फोटो कोणीतरी पेपरात दिला आणि लीगने प्रकरण शिस्त समितीकडे पाठवलं.

समितीत तिघं, आणि त्या तिघांत माझा दादा. मी काय मागणार आहे ते तुला कळलं असेलच. बापाविना वाढलेलं पोर आहे. रागात एकदा हात उठला, म्हणून सगळी कमाई मातीत घालायची का? तुझा एक शब्द पुरे.

वहिनींना नमस्कार. बहिणीवर आहे ती माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमी


१४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

आधी कामाचं. सोन्या माझा सख्खा भाचा आहे, म्हणून या सुनावणीतून मी बाजूला झाल्याचं समितीच्या अध्यक्षांना त्याच दिवशी कळवलं. माझ्या जागी दुसरा माणूस बसेल. तेव्हा माझा एक शब्द किंवा अर्धा शब्द, काहीच चालणार नाही. चालला असता तरी तुला हवा तो मी उच्चारला नसता, हेही लिहून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको.

मागच्या वर्षी आमच्यासमोर एका लहान क्लबचा राखीव गोलकीपर आला होता. घरमालकाशी किल्लीवरून वाजलं आणि याने त्याच्या थोबाडीत मारली. मालकाचा एक दात हलला. आम्ही अठरा महिन्यांची बंदी घातली. तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याने मला विचारलं, साहेब, एकतिसाव्या वर्षी राखीव गोलकीपरला कोण घेतं? मी त्याला कलम वाचून दाखवलं: मैदानाबाहेरच्या वागण्याने खेळाच्या प्रतिष्ठेला बाधा. सही पहिल्यांदा मीच केली. आता तो बेकरीची गाडी चालवतो. सकाळी आमच्या गल्लीत पाव उतरवतो आणि मला पाहून मान खाली घालतो. खरं तर मान कोणी खाली घालायची, हा प्रश्नच आहे.

मी आयुष्यभर सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या. साखळी सगळ्यांना एकच असायची, शेत कोणाचं का असेना. प्रतिष्ठेची बाधा मोजायला मात्र आमच्याकडे साखळी नाही, अंदाज आहे. आणि अंदाज माणूस बघून बदलतो.

समिती तुला साक्षीला बोलावेल. मला जे लिहिलंस तेच तिथे सांग. जास्त नको, कमी नको. बाप नसलेली पोरं पुष्कळ असतात गं. मी आणि तूही त्यातलेच. आपण कोणाचे हात मोडले नाहीत.

सूनबाईला भेटायला गेलीस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साक्ष झाली. तू विचारशील म्हणून मीच सांगते.

क्लबचे वकील घरी आले होते. त्यांनी माझं निवेदन आधीच टाइप करून आणलं होतं. बोळातली फरशी नुकतीच पुसली होती, सूनबाईचा पाय घसरला, हात कपाटावर आपटला, मी दारात होते आणि मी हे पाहिलं. मी सही केली. समितीपुढे तेच वाचलं. एका गृहस्थांनी विचारलं, फरशी किती ओली होती? मी म्हटलं, बरीच. त्यांनी लिहून घेतलं.

क्लबच्या डॉक्टरांनी असं पडूनही हाड मोडू शकतं असं सांगितलं. सोन्याने मान खाली घालून हूं केलं. खरं सांगणारी सूनबाई आणि सामानकाका, दोघंच. काका माझ्या समोरच्या बाकावर बसले होते. अकरा वर्षं प्रत्येक सामन्यानंतर बोळात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवायचे. त्या दिवशी माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि बरंच झालं.

मला शिकवू नकोस. तुला मूल नाही. मुलगा चुकला हे कळणं वेगळं आणि चार परक्या माणसांसमोर त्याच्याकडे बोट दाखवणं वेगळं. सूनबाईला दुसरा संसार मिळेल, मला दुसरा मुलगा मिळायचा नाही.

माझं पहिलं पत्र तुझ्याकडे आहे. ते मला परत पाठव. तू पंच असशील, पण माझा भाऊ त्याच्या आधीपासून आहेस. ते पत्र कोणाला दाखवलंस, तर चिमी मेली असं समज.

अजून तरी तुझीच,
चिमी


४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल तुला कळलाच असेल, पण तो कसा लागला ते माझ्याकडून ऐक. मी आत नव्हतो. बाहेरच्या खोलीत, जुन्या ढालींच्या कपाटाशेजारी बाकावर बसलो होतो. कागद ने-आण करणाऱ्या कारकुनाने मला सांगितलं. आत सगळ्यात आधी नियमांचं पुस्तक नाही, सामन्यांचं वेळापत्रक उघडलं गेलं. उपांत्य सामना बावीस तारखेला. त्याआधी उरलेत दोनच, आणि त्या दोन्हींत हरला तरी तुमचा क्लब पुढे जाणारच आहे. मग पुस्तक उघडलं. शिक्षा निघाली दोन सामन्यांची, आणि सोबत समुपदेशनाच्या चार बैठका. थोबाडीत मारणाऱ्याला अठरा महिने आणि मनगट मोडणाऱ्याला दोन सामने. दात घरमालकाचा होता आणि मनगट बायकोचं, एवढाच फरक म्हणायचा का? तसंही नाही. तो राखीव गोलकीपर होता आणि हा तुफान आहे. तुफानाशिवाय उपांत्य सामन्याची तिकिटं कोण घेणार?

दुसरी बातमी तुला कोणी सांगितली नसेल. सामानकाकांना क्लबने काढलं. आतल्या गोष्टी बाहेर बोलले, हे कारण. सव्वीस वर्षांच्या नोकरीला नऊ ओळींचं पत्र. या सगळ्या प्रकरणात पुरती शिक्षा झाली ती एकाच माणसाला, आणि तो खरं बोलला होता.

आता माझं. तुझं पत्र त्या दिवशी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. एकदा तर कडीला हात लावला. आत गेलो नाही. तुझ्या मायेपोटी गेलो नाही असं तू समजशील, म्हणून स्पष्ट लिहितो. मला लाज वाटली. तीस वर्षं ज्याला लोक काटेकोर पंच म्हणून ओळखतात, त्याच्या घरातली ही घाण त्याच्याच हाताने टेबलावर मांडायची लाज. मी बाजूला झालो तेव्हा मला फार स्वच्छ वाटलं होतं. आता कळतं, बाजूला होणं ही सगळ्यात सोयीची जागा असते.

पत्र परत पाठवतो आहे. तुझी वस्तू तुला. फाडू नकोस एवढंच सांगतो. सांगण्याचा हक्क माझ्याकडे उरला आहे असं मात्र वाटत नाही.

दादा


११ मार्च

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आहे. रोज एक पान गिरवते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मला सध्या साचे धुण्याचं काम दिलंय. मेणाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

परवा आई आल्या होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. पुष्कळ रडल्या आणि मग म्हणाल्या, मी खोटं नाही गं, दादाला पहिल्याच पत्रात सगळं खरं लिहिलं होतं. त्यांना वाटलं, याने मला बरं वाटेल.

म्हणजे सुनावणी चालू होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मामा, मला आत काय विचारलं ते सांगू? त्याच्याशी कुठल्या सुरात बोललात? तो हरलेला असताना बोलायची गरज होती का? पुढे एकत्र राहायचा विचार आहे का? चप्पल कुठली घातली होती? मी म्हटलं, चपलेचा काय संबंध, तर म्हणाले, फरशी ओली होती ना. मी बाहेर पडायला उठले, तोवर अध्यक्षांनी टेबलाखालून एक नवा चेंडू काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. नातवासाठी सही हवी होती. त्याने सही केली. मी अजून खोलीतच होते.

आता मी पोलिसांत तक्रार दिली आहे. पहिली तारीख अकरा एप्रिलची पडली आहे. माझे वकील म्हणतात, आईंचं ते पत्र मिळालं तर ओल्या फरशीची गोष्ट टिकणार नाही. ते मला द्याल का?

तुमची,
सूनबाई


१७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ हाताच्या सवयीने लिहून गेलं. खोडावंसं वाटलं, पण खोडाखोड पुष्कळ झाली आहे. तुला नको असेल तर तूच खोड.

ते पत्र माझ्याकडे नाही. निकालानंतर मी ते तिला परत पाठवलं. तिने मागितलं, मी दिलं. जवळजवळ तीन आठवडे ते माझ्याकडे होतं आणि त्यातला कुठलाही एक दिवस पुरेसा होता. मी जे केलं त्याला आमच्या नियमावलीत कलम नाही.

परवा समितीचा राजीनामा दिला आणि पत्रात काय होतं तेही अध्यक्षांना लिहून कळवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. माझ्या दीर्घ सेवेबद्दल आभार, आणि प्रकरण बंद झालं आहे. दोन्ही एकाच वाक्यात.

बेकरीच्या गाडीवाल्यालाही मी काल थांबवलं. त्याच्या बंदीवर फेरविचार व्हावा असा अर्ज लिहून देतो म्हटलं. तो हसला. म्हणाला, साहेब, आता पळवत नाही. आणि पावाचे ट्रे उतरवू लागला.

तुझ्या वकिलांना सांग, मी कोर्टात येईन. पत्र माझ्या हातात आलं होतं आणि त्यात काय लिहिलं होतं, ते शपथेवर सांगेन. याने तुझं मनगट सांधत नाही, हे मला कळतं. क्षमा मागत नाही. दिलीस तर ती कुठे ठेवू, हे मला माहीत नाही.

तुझा,
मामा


२४ मार्च

ती. मामांना,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वकिलांना दाखवलं. ते म्हणतात, कागद नसला की समोरचे वकील तुमच्या साक्षीला ऐकीव म्हणतील आणि न्यायाधीश बहुधा मान्य करतील. तरी या, असंही म्हणाले.

आईंना मी फोन केला होता. पत्र फाडलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. रविवारी उपांत्य सामना टीव्हीवर चालू होता, मी बंद करायला उठले तेवढ्यात कॅमेरा त्यांच्यावर गेला. त्याने दुसरा गोल केला होता आणि सगळं मैदान उभं राहून त्याचं नाव घेत होतं. आधी त्या बसून होत्या. मग शेजारच्या बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना उठवलं. त्या उठल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

सामानकाका आमच्या रस्त्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करतात. तेही साक्षीला येणार आहेत. अंतिम सामना त्याच दिवशी आहे, तारीख पुढे घ्यायची का, असं वकिलांनी त्यांना विचारलं. काका म्हणाले, “सामना दर वर्षी असतो.”

तुम्ही क्षमेचं लिहिलंत, ते आज राहू द्या. पत्राच्या शेवटी माया ठेवा असं मागायची रीत आहे. माया या घरात सगळ्यांनी सगळ्यांवर केली, मामा, आणि मी ती पाहिली. मला ती नको. अकरा तारखेला साडेदहापर्यंत पोचा. कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.

मी