तुळई पडली

ता. ९, सोमवार

चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहून बराच वेळ हात थांबला. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच गिरवून घेतली, म्हणून राहू दे. इकडे ठीक आहे. चार दारांचं काम हातात आहे, लाकूड ओलं आल्याने रखडलंय. माझा गुडघा सुजला होता, उतरला. तुझी वहिनी बरी आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा तिने तुझा निरोप वाचून दाखवला. 'या महिन्याच्या तारखा कळवा, दादा घरात नसेल तेव्हा येऊन जाईन.' डाव्या हाताने लिहिलंस, काही अक्षरं सुटली होती. ते ऐकून मी सुतारखान्यात गेलो आणि जोडून झालेलं एक दार लाथांनी फोडलं. राग तुझा नव्हता. पाच महिन्यांपूर्वी मी ज्याला मारलं, त्याने असा निरोप पाठवावा हे सोसवेना. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मूल होत नाही तो दोष माझ्यात आहे हे कळल्यावर तुझ्या वहिनीला घेऊन तुझ्याकडे यायला मला वर्ष लागलं. तू कात्री खाली ठेवून म्हणालास, "दादा, वरचं कापड तुझंच. मी नुसतं अस्तर देतो." आपण तिघेही हसलो. रक्ताच्या तपासण्या करून आलास. नर्सबाईंनी सगळं शिकवलं आणि मी कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलने खुणा करू लागलो. पाळीचा पहिला दिवस. दहाव्यापासून रोज दुपारी बीज सुटायची वेळ सांगणारी पट्टी. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की पुढचे दोन दिवस आपले. तू यायचं, मोरीत झाकणाची डबी भरून तिथल्या फळीवर ठेवून मागच्या दाराने जायचं. तासाच्या आत ती डबी आणि बिनसुईची सिरिंज मी तिच्या खोलीत न्यायची. बाप म्हणून माझा वाटा तेवढाच होता, तो मी कुणाला देणार नव्हतो. म्हणून अट घातली, मी घरात नसताना तू उंबरा ओलांडायचा नाहीस. तुम्ही दोघांनी ती निमूट पाळली.

तीन महिने जमलं नाही. चौथ्या महिन्यात मी परगावी दारं बसवायला गेलो आणि पट्टी नेमकी तीन दिवस आधी गडद झाली.

परतलो तेव्हा ती अंघोळीला गेली होती. फोन ओट्यावर होता. तुला पाठवलेलं वाचलं. 'भाऊजी, दिवस गेले. आता येऊ नका. यांना मीच सांगेन.'

बाईने दिवस गेले म्हटलं की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मला तेवढाच कळला. डबी नाही, सिरिंज नाही, मी घरात नाही, असं काय काय डोळ्यांपुढे आलं. पाळी चुकेपर्यंत कुणालाच काही कळत नाही आणि ती तारीख अजून दूर आहे, हे माझ्याच अक्षरात कपाटावर लिहिलेलं होतं. मी कपाट उघडलं नाही. लाकडी हातोडा घेतला.

तू कापड बेतत होतास. म्हणालास, "आलास? वहिनींनी सांगितलं ना?" आणि हसलास. पहिला घाव त्या हसण्यावर घातला. दात उडून कापडावर पडला. दुसरा खांद्यावर. तू खाली बसलास, तर कॉलर धरून उठवलं आणि तुझा उजवा हात टेबलावर दाबला. तेव्हा तू म्हणालास, "दादा, हातावर नको."

बाबा पट्ट्याने मारायचे तेव्हा तू हेच म्हणायचास आणि मी मध्ये पडायचो. या वेळी मध्ये पडायला कुणी नव्हतं. मी हातावरच मारलं. तीनदा. वाळकी फळी उभी फुटावी तसा आवाज आला, आणि खोटं कशाला लिहू, त्या आवाजाने मला बरं वाटलं. चौथा उगारला तेव्हा तुझी वहिनी दारात होती, ओल्या केसांनी.

"पट्टीचे दोन दिवस गेले म्हणाले मी," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतात, म्हणून फुकट गेले."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर रक्ताने भरलेल्या तोंडाने तू म्हणालास, "तुळई पडली अंगावर." त्यांनी तसंच लिहून घेतलं. बाबांमागे घर मी पेललं, आणि वाकत नाही, बोलत नाही, म्हणून तू मला तुळई म्हणायचास. हे तिथे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. मी मान हलवली. पोलीस आले, त्यांच्यापुढेही हलवली.

त्या हातोड्यावरचा डाग रंध्याने जात नाही. वर तासला, तर आत खोल गेलेला दिसतो. रोज पहाटे देवापुढे बसतो, पण पाच महिने हात जोडलेले नाहीत. म्हणून तुझी क्षमाही मागत नाही. त्यालाही हातच जोडावे लागतात.

आता तारखा. पाळी तीन तारखेला आली. बारा तारखेपासून ती रोज पट्टी बघेल, रेघ गडद झाली की कळवील. मागच्यासारखी लवकर होईल, तेव्हा तयार राहा. नवी डबी फळीवर ठेवली आहे. पुढचं तिचं ती करील. तिला येत होतंच, मीच करू दिलं नाही.

मी घरात नसेन. उद्या हातोडा फडक्यात गुंडाळून पोलीस चौकीत जातो आहे. कोणती तुळई पडली ते सांगेन. तुला विचारतील, तेव्हा खरं सांग. या वेळी मला वाचवू नकोस. किती दिवस ठेवतील ते त्यांच्या हाती. तुझ्या वहिनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या."

देवाच्या दयेने खरंच दिवस गेले, तर तिला म्हणावं, मला नीट समजेल असं, सविस्तर लिही.

तुझ्यावर पडलेली
तुळई