बाळीवेशीतील माझ्या तबकड्या व पुस्तके न जाळण्याबाबत

मी, महादेवी गुरुबसप्पा हत्तुरे, वय चोवीस, कंपाउंडर, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. मला क्षय झाला आहे. बुद्धी शाबूत आहे.

१. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, माती देतात, मलाही द्यावी. परंतु माझी पुस्तके आणि ग्रामोफोनच्या तबकड्या जाळायचे काका चनमल्लप्पा यांनी ठरवले आहे. परवा ते दारातूनच म्हणाले, "पोरी, रोग हाय त्यात. आन् तू गेल्यावर गाणी ऐकणार कोण?" धाकटी बहीण रुद्राणी उंबऱ्याबाहेर बसली होती. ती म्हणाली, "मी की." तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

२. ग्रामोफोन, तबकड्या व पुस्तके मी माझ्या पगारातून घेतली. ती सर्व रुद्राणीस द्यावीत. तिचे लग्न दुधनी गावच्या घरात ठरले आहे. त्या घरात वाचणारी बाई अद्याप गेलेली नाही. सामान तिच्याबरोबरच जावे.

३. पुस्तके बंद पेटीत, पाने उघडी ठेवून, फॉर्मॅलिनच्या वाफेवर ठेवावीत, नंतर उन्हात. नव्या कादंबरीची पाने अजून कडेला एकमेकांना जोडलेली आहेत. ती सुरीने कापावीत, बोटाने फाडू नयेत. तबकड्या साबणाच्या थंड पाण्याने पुसाव्यात. स्पिरिट लावू नये, त्यात तबकडीची लाख विरघळते. अव्वाने, म्हणजे आईने, कानडी पदांची तबकडी स्पिरिटने पुसली. सुईखाली नुसती खरखर उरली. "तुझं दुखणं गाण्याला लागाया नको म्हणून पुसलं की गं," असे म्हणून ती रडली. ती तबकडी अव्वाजवळ राहू द्यावी.

४. माझ्या सोन्याच्या पाटल्या आजार कळताच काकांनी हातातून उतरवून तिजोरीत ठेवल्या. पाटल्यांना रोग लागल्याचे ते म्हणाले नाहीत. वरील सामान सुखरूप मिळाल्याची सही रुद्राणीने दिली, तर पाटल्या काकांच्या. एक जरी पुस्तक जळाले, तर पाटल्या मोडून तिला नवी पुस्तके व तबकड्या घेऊन द्याव्यात. काका हिशेबी आहेत. ते हे कलम नीट वाचतील.

५. अंमलबजावणी आमच्या दवाखान्यातील नर्स हेमावतीबाई यांनी करावी. त्या काकांना घाबरत नाहीत.

६. रुद्राणी, मुंबईहून आलेली शेवटची तबकडी एका नव्या गाणाऱ्या बाईची आहे. ग्रामोफोनची किल्ली फिरवण्याइतका दम मला उरला नाही, आणि माझ्या खोलीत कोणी येत नाही. त्यामुळे ती चांगली आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. तू ऐक आणि ठरव.

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९३५
सही : महादेवी गुरुबसप्पा हत्तुरे

साक्षीदार : १. डॉ. श्रीमंत बाबाराव कोकाटे
२. रत्नम्मा नरसय्या बोल्ली, शेजारीण
(दोघांनी माझी सही होताना खिडकीतून पाहिली व आपापल्या सह्या अंगणात बसून केल्या.)