कासलबारच्या होमस्टेड पक्षाचे दप्तर आणि माझी इतर मालमत्ता

मी, सुलक्षणा मोरेश्वर खैरे, वय छप्पन्न, धंदा कपडे दुरुस्त करून देण्याचा, राहणार कासलबार, काउंटी मेयो, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. तब्येत चांगली आहे, डोके ताळ्यावर आहे, आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांच्या सांगण्यावरून इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे.

१. दुकान, वरची खोली आणि मागचे अंगण माझी मुलगी मैत्रेयी हिला. माझे यजमान डॉ. मोरेश्वर २०१४ साली गेले, त्यामुळे दुसरा हक्कदार नाही. तिने दुकान विकले तरी चालेल. वरच्या खोलीतली लांब बाके मात्र फुकट द्यावीत, विकू नयेत. ती माझी नव्हेत, पक्षाची आहेत.

२. बँकेत असेल ते मैत्रेयीचे.

३. जड कापड शिवायचे मशीन आणि सगळ्या कात्र्या स्लायगोच्या उर्मिलाला. ती माझ्याकडे दोन वर्षे शिकली. शिवताना फार बोलते, एवढे सोडले तर तिचा हात माझ्याहून चांगला आहे.

४. होमस्टेड पक्षाच्या कासलबार शाखेच्या इतिवृत्ताच्या नऊ वह्या, १९५१ ते २०२०, काउंटीच्या ग्रंथालयाला. या वह्या माझ्याकडे कशा आल्या ते इथे लिहिणे भाग आहे.

हा पक्ष अकरा शेतकरी आणि दोन दुकानदारांनी काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की घर, शेत आणि चर्च जसे आहे तसे राहू द्यावे. काउंटी कौन्सिलात त्यांचे एका वेळी तीन सदस्य होते, तोच त्यांचा सुवर्णकाळ. घटस्फोटाला मुभा देणाऱ्या १९९५ च्या सार्वमतात ते हरले, तेव्हा सचिव नोरा कॉलरन हिने वहीत एवढेच लिहिले : ‘हरलो. चहा झाला.’ हे दुकान मी नोराकडूनच घेतले. तिची बोटे संधिवाताने वाकली होती. एकदा म्हणाली, “सुलक्षणा, तुझं अक्षर चांगलं आहे. मंगळवारी सभेला वर ये.” मी गेले आणि वही माझ्याकडे आली. लोक विचारत, तू यांच्यात कशी? माझे वडीलही याच स्वभावाचे होते. दुकान वेळेवर उघडावे, शब्द पाळावा, चालते ते उगाच मोडू नये. मला त्या खोलीत माहेरी बसल्यासारखे वाटे.

मे २००४ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा प्रश्न सार्वमताला आला. इथे जन्मले म्हणून कोणालाही नागरिकत्व मिळू नये, अशा बाजूने पक्षाने मत द्यावे, असा ठराव अध्यक्ष पॉरिक गिबन्स याने मांडला. मी लेखणी ठेवली आणि विचारले, “माझी मैत्रेयी याच गावात जन्मली. ती चार वर्षांची आहे. तिचं काय चुकलं?”

पॉरिक म्हणाला, “अगं, तुझ्याबद्दल नाही. यू आर ग्रँड, तुझं सगळं ठीक आहे. ते दुसरे.”

मी लेखणी उचलली आणि हे वाक्य जसेच्या तसे लिहिले. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. दोन मते नोराची आणि माझी.

पुढच्या सभेत पॉरिकने ते वाक्य खोडायला सांगितले. मी नाही म्हटले. नोरा म्हणाली, “जे बोललास तेच लिहिलंय.” त्याने त्या पानावर सही केली नाही. मी पक्ष सोडला नाही, कारण सोडला असता तर मीच ‘ते दुसरे’ झाले असते. त्यानंतर सोळा वर्षे पॉरिक सभेला येत राहिला, मला मान हलवून नमस्कार करत राहिला, आणि स्वतःच्या पँटी आखूड करायला शेजारच्या वेस्टपोर्ट गावी नेत राहिला. मला ते दर वर्षी टोचले. नोराच्या अंत्यविधीला आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, तरी बोललो नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये पक्ष बरखास्त झाल्याचे पत्र आले. कासलबारमध्ये पॉरिक आणि मी असे दोघेच सभासद उरलो होतो. शेवटची सभा माझ्या अंगणात झाली, दोन खुर्च्या दोन मीटर अंतरावर. शाखा बंद करण्याचा ठराव मी मांडला, त्याने अनुमोदन दिले. मग तो म्हणाला, “एक पान राहिलंय.”

मी वही दोन खुर्च्यांच्या मध्ये गवतावर ठेवून मागे सरले. त्याने पान उघडले, वाचले, सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

“खोडायचं नाही ना?” मी विचारले.

“नाही. मी काय बोललो ते मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं, सुलक्षणा. मैत्रेयी कशी आहे?”

मी सांगितले, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, “गुड गर्ल.” आम्ही चहा घेतला. पुढच्या सोमवारी तो चार पँटी घेऊन दुकानाच्या दारात उभा होता.

५. त्या हिवाळ्यात दुकान बंद असताना मी शाखेचा इतिहास मराठीत लिहून काढला. ते हस्तलिखित मैत्रेयीला. तिला मराठी कळते, वाचायला वेळ लागतो. फोनवर म्हणाली, “आई, दे लॉस्ट नियरली एव्हरीथिंग. व्हाय राइट इट?” त्याचे उत्तर असे, की बाळ, ही तुझ्या गावातली माणसे आहेत, आणि त्यांच्या वह्यांत वीस वर्षे तुझ्या आईचे अक्षर आहे. सावकाश वाच.

६. माझे दहन करावे. राख कुठे न्यायची ते मैत्रेयीने ठरवावे. मला दोन्ही देश चालतील. मी इथे सुखात राहिले.

७. पॉरिक गिबन्स याला मी काहीही ठेवत नाही. दुकानाबरोबर माझ्याकडे आलेल्या नोराच्या घड्याळावर त्याचा डोळा आहे हे मला माहीत आहे, आणि ते त्याला द्यायचे माझ्या मनातही होते. परंतु वकिलांनी सांगितले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार धरता येत नाही. हे कलम मी त्याला आज इंग्रजीत वाचून दाखवले.

“घड्याळसुद्धा नाही?” तो म्हणाला.

“नाही. तू साक्षीदार हवास.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, “मग पेन दे.”

वरील सर्व मी वाचले. तेच माझ्या मनात आहे.

कासलबार, शनिवार, १२ जून २०२१
सही : सुलक्षणा मोरेश्वर खैरे

आम्हा दोघांदेखत तिने सही केली व तिच्यादेखत आम्ही केली :
१. पॉरिक गिबन्स, शेतकरी, कासलबार
२. कीर्ती रविकांत गोगटे, परिचारिका, कासलबार